चाळीस ईमेल आणि सकाळचा जादा तास

प्रिय ताई,

मी मूळची कोल्हापूर जिल्ह्यातली. गणितात बी.एस्सी., मग बी.एड. मराठी माध्यमातून. एका अनुदानित माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला नऊ वर्षं गणित शिकवलं. शेवटची पाच वर्षं सेमी-इंग्रजीच्या तुकड्या माझ्याकडे होत्या, वर्गात साठ-पासष्ट मुलं. घटक चाचणीत जी मुलं मागे पडायची त्यांचा मी शाळा भरण्याआधी जादा तास घ्यायचे. शेवटच्या वर्षी आठवीची चौदा मुलं ऋण संख्यांवर अडली होती, त्यांना विहिरीच्या पायऱ्या चढायला-उतरायला लावून शिकवलं, सहामाहीला अकरा जण पास झाली. गेल्या ऑगस्टात मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडात, रेडिंगला आलो. मी त्यांच्या व्हिसावर डिपेंडंट आहे. मुलगा सहा वर्षांचा.

आल्यापासून चाळीसेक शाळांना ईमेलनं बायोडाटा पाठवला. एकाही शाळेचं उत्तर नाही. एक एजन्सी म्हणते, टीचिंग असिस्टंट म्हणून पाठवू, शिक्षिका म्हणून नाही. ओळखीतून एकाचा नंबर मिळाला, तो म्हणतो ६०० पौंड द्या, इथलं शिक्षकाचं सर्टिफिकेट काढून देतो. आधी आलेल्या दोघीतिघी सांगतात, आपलं बी.एड. इथे कोणी विचारत नाही, पुन्हा एक वर्ष शीक. सासूबाई म्हणतात, कशाला दगदग, पोराकडे बघ. माझं इंग्रजी वर्गापुरतं ठीक आहे, पण इथली मुलं भराभर बोलतात ते निम्मं कळत नाही. परवा मुलाच्या शाळेत पालकभेटीला गेले. त्याच्या बाईंच्या टेबलावर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता. तो बघून गळा दाटून आला आणि मला त्यांच्याशी धड बोलताच आलं नाही. असिस्टंटचं काम घेऊ, पुन्हा शिकू, की सोडून देऊ?

– एक माजी शिक्षिका, रेडिंग


प्रिय बाई,

सहीतला ‘माजी’ हा शब्द आधी खोडा. वह्यांचा गठ्ठा बघून जिचा गळा दाटतो ती शिक्षिकाच आहे, तिची नोकरी तेवढी सध्या सुटलेली आहे. मीही साताऱ्यात शिकवत होते आणि २००९ मध्ये इकडे आले, त्यामुळे हे महिने कसे जातात ते मला ठाऊक आहे. दुपारी तीनला शाळेच्या फाटकापाशी इतर आयांबरोबर उभं राहायचं आणि आतल्या घंटेचा आवाज बाहेरून ऐकायचा.

आता चाळीस ईमेलचं. तुम्हाला वाटतंय की चाळीस शाळांनी तुम्हाला नाकारलं. माझ्या मते त्यातल्या बहुतेकांनी तुम्हाला वाचलंच नाही. इंग्लंडातल्या शाळा नुसत्या बायोडाट्यावर कुणाला बोलावत नाहीत. मुलांच्या सुरक्षिततेबाबत शाळांवर बंधनकारक असलेली सरकारी मार्गदर्शिका आहे, ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’. त्यात स्पष्ट म्हटलंय की बायोडाटा एकटा चालणार नाही, सोबत शाळेचा स्वतःचा अर्ज भरलेला हवा. त्या अर्जात शिक्षण संपल्यापासून आजपर्यंतचा सगळा काळ महिन्यावार द्यावा लागतो, आणि मध्ये कुठे खंड असेल तर तो का, हेही लिहावं लागतं. बाळंतपण, स्थलांतर, आजारी सासरे, जे असेल ते एका ओळीत लिहून टाका. खंड असणं हा दोष धरत नाहीत, खंड न सांगणं मात्र धरतात. तुमचे गेले आठ महिने ‘स्थलांतर व मुलाला नव्या शाळेत रुळवणं’ एवढ्या शब्दांत बसतात.

आणखी एक गोष्ट अर्जात ठळक लिहा: तुम्हाला काम करण्याची परवानगी आहे आणि शाळेला स्पॉन्सर व्हायची गरज नाही. मुख्याध्यापकांच्या टेबलावर परदेशी नाव आणि परदेशी पदवी आली की पहिली शंका व्हिसाची येते, आणि स्पॉन्सरशिपचा खर्च नको म्हणून कागद बाजूला पडतो. तुमच्या ई-व्हिसावरून ऑनलाइन शेअर कोड (कामाची परवानगी तपासण्याचा सांकेतिक क्रमांक) निघतो, तो मुलाखतीच्या वेळी द्यायचा. हे एक वाक्य मी माझ्या पहिल्या वीस अर्जांत लिहिलं नव्हतं.

जाहिराती शोधायच्या सरकारच्या ‘टीचिंग व्हेकन्सीज’ या मोफत संकेतस्थळावर आणि ‘टेस’वर. इथे एक वेळापत्रक समजून घ्या, कारण तुम्ही नेमक्या मोसमात लिहिलंत. इथल्या शिक्षकांना सप्टेंबरपासून नोकरी सोडायची असेल तर ३१ मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो. म्हणून सप्टेंबरच्या जागा फेब्रुवारी ते मे या काळात निघतात, आणि एप्रिल-मेमध्ये तर रोज नव्या दिसतात. तुम्ही ऑगस्टात ईमेल करायला सुरुवात केलीत तेव्हा बहुतेक वर्गांना शिक्षक मिळून गेले होते. रेडिंगच्या भोवती वोकिंगम, ब्रॅकनेल, न्यूबरीपर्यंत बस-रेल्वेनं जमेल तेवढं बघा. गणिताच्या शिक्षकांची टंचाई इथे वर्षानुवर्षांची आहे. तुमचा विषय तुमच्या बाजूनं आहे, हे अर्ज भरताना लक्षात असू द्या.

‘आपलं बी.एड. कोणी विचारत नाही’ हे सांगणाऱ्या मैत्रिणी खोटं बोलत नाहीत, त्या आल्या तेव्हा तसंच होतं. मलाही शाळेत नोकरी करत करत मूल्यमापन देऊन पात्र शिक्षकाचा दर्जा मिळवावा लागला. त्याला इथे क्यूटीएस म्हणतात. पण २०२३ पासून भारत, नायजेरिया, घाना, झिम्बाब्वे अशा काही देशांतल्या शिक्षकांना तो थेट सरकारकडे अर्ज करून मिळतो. अट अशी की ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा परकीय भाषा शिकवण्याची पात्रता हवी, पदवी हवी, शिक्षक-प्रशिक्षण हवं, आणि त्यानंतर किमान एका शालेय वर्षाचा अनुभव हवा. तुम्ही यात चपखल बसता. शिवाय दोन वर्षांहून जास्त अनुभव असल्यामुळे नवशिक्या शिक्षकांना करावी लागणारी दोन वर्षांची उमेदवारी तुम्हाला पडणार नाही. पुन्हा वर्षभर कॉलेज करायची मला तरी काहीच गरज दिसत नाही. डी.एड. झालेल्या किंवा मराठी-इतिहास शिकवणाऱ्या मैत्रिणींना हा दरवाजा बंद आहे, त्यांना इथलं प्रशिक्षण घ्यावं लागेल. आणि हे सगळं इंग्लंडपुरतं, स्कॉटलंड आणि वेल्सच्या नोंदणी परिषदा वेगळ्या आहेत.

या अर्जाची फी शून्य आहे. एक पौंडसुद्धा नाही. त्यामुळे ६०० पौंडवाल्या माणसाचा नंबर आजच काढून टाका. तो फार तर तुमचाच मोफत अर्ज तुमच्यासाठी भरेल, आणि वाईटात वाईट म्हणजे तुमच्या नावानं खोटा कागद जोडेल. खोटा कागद सापडला तर शिक्षकाच्या पेशात पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही. एजन्सीनं नोकरी मिळवून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेणंही इथे बेकायदा आहे, कुणी ‘रजिस्ट्रेशन फी’ मागितली तर उठून या.

अर्जाच्या कागदांत आपल्याकडच्या बायका कुठे अडतात ते सांगते, कारण मी अशा बऱ्याच जणींचे कागद पाहिले आहेत. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. बी.एड.च्या गुणपत्रिकेवर लग्नानंतरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. पासपोर्टवर तिसराच क्रम. आपल्याला त्यात काही विचित्र वाटत नाही, पण कागद तपासणाऱ्या इथल्या माणसाला ती तीन वेगळी माणसं वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला इंग्रजीत हवा, मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर करून घ्या. पोलिसांकडच्या नोंदींची तपासणी, ज्याला इथे डीबीएस म्हणतात, तीतही आजवर वापरलेली सगळी नावं आणि मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते द्यावे लागतात. माहेरचं नाव लपवण्यासारखं काही नाही म्हणून कित्येकजणी ते लिहितच नाहीत, आणि मग तपासणी आठवडेच्या आठवडे रखडते. भारतातल्या वास्तव्यासाठी शाळा पोलिस क्लिअरन्सही मागतील. ते इथूनच भारतीय उच्चायुक्तालयामार्फत मिळतं. जागा निघण्याची वाट न बघता आत्ताच मागवून ठेवा.

तुमचं बी.एड. मराठीतून झालंय, तेव्हा इंग्रजीची चाचणी देऊन टाका. बी-२, म्हणजे मध्यमाच्या वरची पातळी लागते, आणि चाचणी सरकारनं मान्य केलेल्या यादीतलीच हवी. क्लासवाले सांगतील ती नाही. पाच वर्षं सेमी-इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला बी-२ अवघड जाऊ नये. लेखनाच्या भागाचा सराव तेवढा करा.

मुलांचं बोलणं कळत नाही, ही भीती मात्र चाचणीनं जाणार नाही. ती मुलांमध्ये बसूनच जाते. तुमच्या मुलाच्या शाळेत विचारा, आठवड्यातून दोन सकाळी मुलांचं वाचन ऐकायला कुणी हवंय का. प्राथमिक शाळांना अशी माणसं हवीच असतात. एका कोपऱ्यात छोट्या खुर्चीवर बसायचं, एकेक मूल पुस्तक घेऊन येतं, वाचतं, अडखळतं, मध्येच आपल्या मांजराची गोष्ट सांगतं. सहा आठवड्यांत तुमचा कान तयार होईल. स्वयंसेवकांच्या डीबीएसलाही फी लागत नाही. आणि इथल्या एखाद्या शाळेत तुम्हाला ओळखणारं, तुमच्याबद्दल चार शब्द लिहू शकणारं माणूस तयार होतं. हे मी फार महत्त्वाचं मानते.

आता असिस्टंटच्या कामाचं. तुम्ही थेट ‘घेऊ का’ विचारलंत, तर माझं उत्तर: घ्या, पण माध्यमिक शाळेतलं, आणि एका वर्षाच्या मुदतीवर. घराजवळच्या प्राथमिक शाळेत, मुलाच्याच वेळात, असं काम फार सोयीचं पडतं. त्या सोयीत माझ्या ओळखीच्या दोन उत्तम गणित शिक्षिका सात-आठ वर्षं अडकून राहिल्या. दर वर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी बघू. मध्ये विषय हातून सुटत गेला. त्यापेक्षा ‘कव्हर सुपरवायझर’ची जागा मिळते का बघा. रजेवर असलेल्या शिक्षकाचा वर्ग सांभाळायचा, त्यांनी ठेवलेलं काम करून घ्यायचं. शाळेतला प्रत्येक वर्ग, प्रत्येक खोडकर मूल आणि प्रत्येक विभागप्रमुख महिनाभरात ओळखीचा होतो, आणि गणिताची जागा रिकामी झाली की तुमचं नाव त्यांना आठवतं. परदेशात पात्र ठरलेल्या शिक्षकाला क्यूटीएस नसतानाही इथल्या सरकारी शाळांत चार वर्षांपर्यंत शिकवता येतं. तेव्हा दर्जा हातात पडेपर्यंत थांबायचं कारण नाही, दोन्ही एकदम चालू ठेवा. पगारात मात्र फरक आहे. पात्र शिक्षकाची सुरुवात, लंडन आणि लगतचा पट्टा सोडला तर, सप्टेंबर २०२५ पासून वर्षाला ३२,९१६ पौंड आहे. अपात्र शिक्षकाची श्रेणी त्याहून सुमारे १० हजारांनी खालून सुरू होते. म्हणून नोकरी लागली तरी क्यूटीएसचा अर्ज अर्धवट सोडायचा नाही. असिस्टंटच्या जाहिरातीतला मोठा आकडा तर जपून वाचा: तो बहुधा पूर्ण वर्षाचा असतो, आणि हातात येतात ते शाळा चालू असलेल्या ३९-४० आठवड्यांचे आणि थोड्या रजेचे पैसे.

मी स्वतः सहा महिने असिस्टंट होते. कमीपणा वाटायचा, हे खरं. पण एक प्रसंग सांगते. सातवीच्या वयाचा एक मुलगा वर्गात अंगातला जाड कोट काढायचा नाही. मी दुसऱ्याच दिवशी त्याला आपल्या पद्धतीनं, प्रेमानंच पण ठामपणे, कोट काढायला लावला. तो टेबलाखाली जाऊन बसला आणि तासभर बाहेर आला नाही. नंतर तिथल्या जुन्या असिस्टंटनं मला त्याच्या नावाचा एक कागद दाखवला. आवाज आणि गर्दी त्याला सहन होत नव्हती, कोटात त्याला सुरक्षित वाटायचं, आणि हे सगळ्या शिक्षकांना माहीत होतं. विशेष गरजा असलेल्या मुलांची अशी माहिती इथे प्रत्येक वर्गाबरोबर येते, आणि तास आखण्याआधी ती वाचायची असते. साताऱ्यात माझ्या वर्गातही अशी मुलं असणार. मी त्यांना हट्टी म्हटलं असेल. त्या सहा महिन्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्या अभ्यासक्रमात मिळालं नसतं.

आता तुमच्या अर्जातल्या निवेदनाकडे येते. प्रत्येक अर्जात दीड-दोन पानं ‘मी या जागेला योग्य का’ असं लिहायचं असतं. तुम्ही बायोडाट्यात लिहिलं असणार, ‘नऊ वर्षांचा अनुभव, मेहनती, शिस्तप्रिय, निकाल शंभर टक्के’. हे सगळे लिहितात. आणि मला जे पत्र पाठवलंत, त्यात एका वाक्यात सहज टाकून दिलेली ती चौदा मुलं! बाई, तेच तुमचं निवेदन आहे. आठवीच्या वर्गातल्या चौदा जणांना ऋण संख्या जमत नाहीत हे तुम्हाला घटक चाचणीवरून कळलं. त्यांची नेमकी चूक कुठे होत होती? वजातून वजा करताना? चिन्ह पुढच्या पायरीला विसरताना? विहिरीच्या पायऱ्याच का निवडल्या, पाण्याची पातळी शून्य धरलीत का? सकाळी किती दिवस तास घेतला? अकरा पास झाली, तर उरलेल्या तिघांचं पुढे काय केलंत? या प्रश्नांची उत्तरं साध्या इंग्रजीत, एकाखाली एक लिहा. मुलाचं अडणं ओळखणं, त्यावर उपाय करणं आणि उपाय लागू पडला का ते तपासणं, इथल्या शाळा हेच शोधतात आणि त्यासाठी त्यांच्याकडे जडजड शब्द आहेत. तुम्ही ते काम त्या शब्दांशिवाय, साठ मुलांच्या वर्गात, पगार न वाढता करत होतात. उरलेल्या तिघांबद्दल खरं ते लिहा. जमलं नसेल तर जमलं नाही असं लिहा, मुलाखतीत त्यावरच सगळ्यात चांगलं बोलणं होईल.

मुलाखत म्हणजे इथे पूर्ण दिवस असतो. शाळा दाखवतात, बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांचा गट तुम्हाला प्रश्न विचारतो, २५-३० मिनिटांचा तास घ्यायला लावतात, मग औपचारिक मुलाखत. पाठाबद्दल आधी ईमेल करून विचारा: वर्ग कुठला, मुलांची पातळी काय, विशेष गरजा कुणाच्या आहेत, याआधी काय झालंय. विचारलेलं त्यांना आवडतं.

माझा पहिला पाठ फसला होता. विषय होता दाब. मी २५ मिनिटांतली २२ मिनिटं बोलले, फळ्यावर सुबक आकृती काढली, मुलं चिडीचूप. मला वाटलं, जिंकलं. विज्ञान विभागाच्या प्रमुख बाई नंतर शांतपणे म्हणाल्या, “तुम्हाला विषय येतो हे आम्हाला दिसलं. मुलांना काय आलं ते दिसलं नाही.” परतीच्या बसमध्ये मला त्यांचा राग आला होता. घरी पोचेपर्यंत पटलं होतं.

इथल्या गणिताच्या वर्गात प्रत्येक मुलाकडे एक छोटी पांढरी पाटी असते, आपल्या दगडी पाटीची बहीणच. समजा, तुम्ही फळ्यावर ‘वजा ३ चा वर्ग’ कंस न घालता लिहिलात आणि म्हणालात, तीन, दोन, एक, दाखवा. तीस पाट्या वर येतात. अठरांवर ९, दहांवर वजा ९ (कंस नाही म्हणून बरोबर हेच), दोन कोऱ्या. पाच सेकंदांत तुम्हाला अख्खा वर्ग कळला. आता पुढचं पान उलटायचं नाही, त्या अठरा पाट्यांशी थांबायचं. मागे बसलेले परीक्षक नेमकं तेच बघत असतात: उत्तर चुकलेलं दिसल्यावर तुम्ही काय करता. ‘ओक नॅशनल अकॅडमी’चे तास मोफत आहेत, ते बघा. एक्यूए किंवा पीअरसन एडेक्सेल या परीक्षा मंडळांच्या जीसीएसई (इथली सोळाव्या वर्षीची, आपल्या दहावीसारखी परीक्षा) गणिताच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढून वेळ लावून सोडवा. ८०-८० गुणांचे तीन पेपर, दीड-दीड तासाचे, पहिला कॅल्क्युलेटरशिवाय. आपल्या दहावीच्या भाग एक आणि भाग दोनमधला बहुतेक मजकूर ओळखीचा निघेल. शब्द तेवढे बदलतात. आपण ‘स्लोप’ म्हणतो, इथे ‘ग्रेडियंट’. लाख-कोटी तोंडातून जायला वेळ लागेल, स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर द्यायची सवय हाताला लावा.

मुलाखतीतला एक प्रश्न मात्र ठरलेला असतो, आणि आपल्याकडच्या चांगल्या शिक्षिका त्यातच अडतात. तास संपल्यावर एक मुलगी मागे रेंगाळते आणि म्हणते, “मिस, एक सांगायचंय, पण कुणाला सांगणार नाही असं वचन द्या.” तुम्ही काय कराल? गावच्या शाळेत तुम्ही तिला जवळ घेतलं असतंत, ‘नाही सांगत बाळा’ म्हटलं असतंत, आणि संध्याकाळी तिच्या आईला गाठलं असतंत, कारण आई तुमच्या ओळखीची. इथे यातली एकही गोष्ट करायची नाही. वचन द्यायचं नाही. तिला सांगायचं, “तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला एखाद्या माणसाला सांगावं लागेल, पण मी ऐकतेय.” मग ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, तिच्या तोंडी उत्तर घालायचं नाही. ती गेल्यावर लगेच, तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून काढायचं आणि शाळेत मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना तिथल्या तिथे सांगायचं. आईला फोन करायचा नाही, कारण त्रास घरातूनच होत असेल तर फोनमुळे तिचा धोका वाढतो. मला सुरुवातीला हे कोरडं वाटलं होतं. नंतर एकदा खरोखर अशी मुलगी माझ्यासमोर उभी राहिली आणि काय करायचं ते मला ठाऊक होतं, याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. ती मार्गदर्शिका मोफत आहे. तिचा पहिला भाग दोनदा वाचूनच मुलाखतीला जा.

घरचं थोडक्यात. सासूबाईंची काळजी खरी आहे, त्यांना नोकरीचा विषय भांडणाचा करू नका. पण मिस्टरांशी अर्ज करण्याआधी बोला. शिक्षिकेला घरून काम करता येत नाही, आणि सकाळी साडेआठच्या आत वर्गात असावं लागतं. मुलाला ताप आला तर कोण थांबणार, सकाळी त्याला शाळेच्या ब्रेकफास्ट क्लबात कोण सोडणार, हे ठरवून कागदावर लिहा. हा त्यांचाही प्रश्न आहे.

शेवटचं एक काम राहिलं, आणि ते तुम्ही याच आठवड्यात करायला हवं. शाळा सोडताना मुख्याध्यापकांनी तुम्हाला अनुभवाचा दाखला दिला असेल, वर ‘ज्याच्याशी संबंधित असेल त्यास’, खाली गोल शिक्का. असा उघडा दाखला इथली शाळा ग्राह्य धरत नाही. ती स्वतः तुमच्या मुख्याध्यापकांना लिहिते, त्यांच्या शाळेच्या ईमेलवर, आणि विचारते: या बाईंनी कधीपासून कधीपर्यंत शिकवलं, मुलांबरोबर काम करायला त्या योग्य आहेत का, त्यांच्याविरुद्ध काही तक्रार होती का. आपल्या शाळांचा ईमेल बहुधा लिपिकाकडे असतो आणि महिनोन्‌महिने उघडला जात नाही. तुमची निवड होऊनही या एका उत्तरासाठी जागा हातची जाऊ शकते. तेव्हा मुख्याध्यापकांना फोन करा, असं पत्र येणार आहे आणि त्याला त्यांनी स्वतः उत्तर द्यायचंय हे समजावून सांगा, ईमेल कोण बघतं ते विचारा, आणि लिपिक भाऊसाहेबांनाही वेगळा फोन करून सेवापुस्तकातल्या नेमणुकीच्या तारखा कळवायला सांगा, म्हणजे तुमच्या अर्जातल्या आणि त्यांच्या उत्तरातल्या तारखा जुळतील. इथे उन्हाळी वेळ चालू असताना भारत साडेचार तास पुढे असतो. शाळा अकराला भरत असेल तर तुमच्याकडे सकाळचे साडेसहा. मुलगा उठायच्या आत फोन होऊन जाईल.

तुमची,
ताई